वाचक विचारतात: अगत्तीच्या विमानात सीट रिकाम्या, तरी तिकीट का मिळत नाही?

लक्षद्वीपबद्दलचे प्रश्न या सदराकडे दर सीझनला येतातच, पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो सगळीकडे फिरले आणि तेव्हापासून ते जे वाढलेत ते कमी व्हायचं नावच घेत नाहीत. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय आणि बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबतायत, अगत्तीच्या विमानतळावर. साहजिक आहे, छत्तीस बेटांच्या अख्ख्या लक्षद्वीपमध्ये प्रवासी विमान उतरतं ते फक्त इथेच, बाकी कुठेही जायचं तर इथून बोट नाहीतर हेलिकॉप्टर, किंवा मग थेट कोचीहून जहाज. म्हणून यावेळचं सदर सगळं अगत्तीलाच दिलंय.

प्रश्न: मागच्या डिसेंबरात आम्ही कोचीहून अगत्तीला गेलो. महिनाभर आधीपासून विमान फुल दाखवत होतं, शेवटी कसंबसं तिकीट मिळालं आणि आत जाऊन बसलो तर काही रांगा चक्क मोकळ्या! येताना तर त्याहून जास्त मोकळ्या. कंपन्या तिकिटं मुद्दाम अडवून ठेवतात का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: नाही हो, अडवून ठेवत नाहीत. त्या सीट विकताच येत नाहीत, आणि याचं कारण तुमच्या पायाखालीच होतं. अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपीची २,५०० मीटर आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी झाली. १९८८ मध्ये ही पट्टी सुरू झाली तेव्हा तिथे वायुदूत या तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीचं डॉर्नियर यायचं, एकोणीस सीटांचं छोटं विमान, त्याला एवढी जागा भरपूर होती. आता येतात ती एटीआर-७२, सत्तरच्या आसपास सीटांची पंख्याची विमानं, आणि या विमानाला पूर्ण वजनासह उडायला आदर्श हवामानातसुद्धा १,३०० मीटरच्या आसपास धावपट्टी लागते. आदर्श म्हणजे समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान, यातली समुद्रसपाटी अगत्तीला आहे पण १५ अंश तिथे कधीच नसतात, दुपारी तीस-बत्तीस सहज होतं. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही जोर उतरतो, मग तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त वेगाने आणि जास्त लांब पळावं लागतं. आणि पळायला जागा तर नाही, पुढे समुद्र आहे.

बरं, हिशेब नुसता उडण्याचा नसतो. धावपट्टीवर ऐन वेगात असताना एक इंजिन बंद पडलं तर काय, हे प्रत्येक उड्डाणाच्या आधी मांडून बघावं लागतं, एकतर उरलेल्या पट्टीत विमान थांबलं पाहिजे नाहीतर एका इंजिनावर सुखरूप वर गेलं पाहिजे. लांब पट्टीवर हे सहज बसतं, १,२०० मीटरवर ते बसवायला वजन कमी करणं हाच उपाय. पट्टी ओली असेल तर ब्रेक लागायला अजून अंतर जातं, मग अजून वजन कमी. समोरून चांगला वारा असेल तर थोडी सवलत मिळते.

आणि जाताना कोचीची पट्टी तर लांबलचक आहे, मग जाताना का रिकामं? कारण उतरायचंय तिथेच ना. शिवाय अगत्तीला पोचल्यावर ढग खाली आले आणि उतरता आलं नाही तर जवळपास दुसरा विमानतळ नाही, साडेचारशे किलोमीटर मागे मुख्य भूमीवर परत यावं लागतं, तेवढं इंधन पोटात घेऊनच निघावं लागतं. हे परतीचं इंधन घेऊनच विमान अगत्तीला उतरतं, आणि इंधनाचं वजन वाढलं की माणसांचं कमी करायचं, दुसरं काय करणार. म्हणून तुम्हाला दिसलेली प्रत्येक मोकळी सीट ही सुरक्षेसाठी ठेवलेली जागा आहे. कधी कधी बसल्यावर हवाई सुंदरी काही जणांना मागेपुढे बसवते तेही वजनाचा तोल जमवायलाच, तेव्हा कृपा करून वाद घालू नका, खिडकीसाठी तर अजिबात नको.

यातून कामाची गोष्ट ही की तिकीट लवकर काढा, सामान खरंच कमी न्या (वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, बुकिंगच्या वेळी बघून घ्या), औषधं आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण वजन जास्त भरलं तर बॅग मागे राहू शकते.

प्रश्न: परतीचं अगत्ती–कोची विमान दुपारी पोचतं आणि त्याच संध्याकाळी कोची–मुंबई आहे, मध्ये चार तास. पुरे ना? दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे. (ठाण्याहून एक वाचक ताई)

उत्तर: ताई, चार तास पुरे आहेत असं मी म्हणणार नाही. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर पहिलं चुकल्यावर पुढची सोय कंपनीकडे मागता तरी येते, वेगवेगळी काढली असतील तर मुंबईच्या तिकिटाचे पैसे गेले समजा. अगत्तीला येणारं आणि जाणारं विमान एकच असतं, सकाळी मुख्य भूमीवरून आलं नाही तर परत न्यायला दुसरं तिथे उभं नसतं, आणि मोठ्या शहरातल्यासारखं संध्याकाळचं बघू असंही करता येत नाही, कारण फेऱ्याच मोजक्या. सीझनमध्ये दुसऱ्या दिवशीचं विमानही आधीच भरलेलं असतं. त्यामुळे अगत्ती सोडण्याचा दिवस आणि घरी पोचण्याचा दिवस यांच्यात एक पूर्ण रात्र कोचीत ठेवा. विमान वेळेवर आलं तर फोर्ट कोची बघा, मट्टांचेरीत फिरा, संध्याकाळ अजिबात वाया जात नाही. ऑफिसला मात्र आत्ताच एक दिवस जास्तीचा सांगून ठेवा.

प्रश्न: जून-जुलैत मुलांच्या बाबांना रजा मिळतेय, त्या वेळी विमान स्वस्तही दिसतंय. जावं का? (नाशिक)

उत्तर: नको. तिथला सीझन ऑक्टोबर ते साधारण मेचा मध्य. पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे आले की समुद्र खवळतो, लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाच्या भिंतीआडच्या शांत, उथळ पाण्यात, शिरायच्या वाटा अरुंद असतात आणि लाटा फुटायला लागल्या की छोट्या बोटींना तिथून आत-बाहेर करणं धोक्याचं, म्हणून आंतरबेट बोटी आणि पाण्यातले खेळ जवळपास बंदच होतात. विमानं सुरू असतात पण ती बेटावरच्या लोकांसाठी, आणि तीही ढग-पावसावर अवलंबून. तुम्ही पोचाल कदाचित, पण करणार काय तिथे? रजा जूनचीच असेल तर घाटात जा, भंडारदरा तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे.

सीझनमध्ये सगळं शंभर टक्के ठरल्याप्रमाणे होतं असंही नाही बरं का. २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ लक्षद्वीपवरून गेलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि २०२१ चं तौक्ते मे महिन्यात. जायच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज बघायची सवय ठेवा.

प्रश्न: परमिट आधी की तिकीट आधी? आणि गोव्याहून थेट विमान आहे म्हणतात ते खरं का? (सावंतवाडी)

उत्तर: खरं आहे. फ्लाय ९१ ही गोव्यातली कंपनी २०२४ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिने मोपाहून अगत्तीची सेवा सुरू केली, तुम्हाला सावंतवाडीहून मोपा म्हणजे घरचंच अंगण. इंडिगोनेही २०२४ मध्ये बेंगळुरूहून सुरू केलं, आणि अलायन्स एअर कोचीहून त्याच्या कितीतरी आधीपासून जातंय. पण ही वेळापत्रकं सीझनप्रमाणे बदलतात, वार बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओत बघितलेल्या वेळेवर विसंबू नका, तुमच्या तारखेचं त्या-त्या कंपनीकडेच तपासा.

परमिटचं म्हणाल तर ते भारतीयांनाही लागतं, १९६७ च्या नियमांनुसार, आणि ते नसेल तर विमानात बसू देत नाहीत, तिकीट हातात असलं तरी. पॅकेज घेतलं असेल तर बहुतेक वेळा रिसॉर्ट किंवा ऑपरेटर अर्ज भरून देतो, स्वतः करणार असाल तर प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर करायचा, पोलिसांचा चारित्र्य दाखला लागू शकतो आणि त्याला आपल्याकडे दिवस जातात हे तुम्हाला माहितीच आहे. माझं मत विचाराल तर आधी राहायची जागा नक्की करा, परमिटला लावा, आणि परमिट हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. परमिटवर बेटांची नावं असतात, अगत्तीहून बंगारामला जायचं असेल तर दोन्ही नावं आहेत ना ते बघा.

प्रश्न: आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. जहाज बरं की विमान? (कोल्हापूर)

उत्तर: विमान, यात दुमत नाही. कोचीहून जहाजाला बेटाप्रमाणे चौदा-पंधरा तास किंवा जास्तही लागतात, पण खरी अडचण वेळेची नाही. बऱ्याच बेटांना जहाज लगूनच्या बाहेर उभं राहतं आणि तिथून हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं, खलाशी हात धरून घेतात, खूप प्रेमाने घेतात, पण बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि पाऊल नेमक्या क्षणी टाकावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला हे जमत नाही.

विमानात दीड तासात पोचता. एटीआरला चढायचं मागच्या दारातून, त्या दारालाच आतून मोजक्याच पायऱ्या असतात, मोठ्या विमानाच्या शिडीसारखा उंच जिना नाही. अगत्तीची टर्मिनल इमारत छोटीशी आहे, विमानातून उतरून चालतच आत जायचं, अंतर फार नाही. तरी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, काउंटरवर ऐनवेळी नको.

पण मग राहायचं अगत्तीतच. बंगाराम सुंदर आहे, तिथले फोटो बघून सगळ्यांना तेच हवं असतं, पण तिथे जायला पुन्हा तास-दीड तासाची बोट आली आणि गुडघ्यांचा प्रश्न तिथेच परत उभा राहतो. अगत्ती बेट सात-साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त एक किलोमीटरच्या आसपास, कुठेही राहिलात तरी लगून चालत येण्याएवढा जवळ. पश्चिमेच्या बाजूला पाणी उथळ आणि शांत असतं, आई नुसती पाण्यात पाय सोडून बसली तरी तिला आवडेल. बेटावर दवाखाना आहे, पण गंभीर पेशंटला कोचीलाच हलवावं लागतं, म्हणून बीपी-शुगरची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची न्या, आणि हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. आणि रमझानात जात असाल तर दिवसा खाण्याची सोय राहण्याच्या जागीच आधी बोलून ठेवा, वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आहे.

प्रश्न: मी मालवणात होमस्टे चालवतो. चिपी झालं तेव्हा आमच्याकडे किती आशा होत्या ते तुम्हाला माहीत आहे. अगत्तीची धावपट्टी वाढवून मोठी जेट उतरवली तर तिथल्या लोकांना रोजगार मिळेल ना? सरकार का करत नाही? (मालवण)

उत्तर: हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद झाला, कारण स्कूबावाल्या पर्यटनाचे फायदे-तोटे मालवणकराला सांगायला लागत नाहीत. वाढवायची योजना आहे, बरीच वर्षं चर्चेत आहे. पण वाढवणार कुठे ते बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी सुरू झालं ते सड्यावर, चारी बाजूंना जमीन. अगत्तीचा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, तिथे बेट इतकं निमुळतं होतं की पट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्रच. उत्तरेला गाव, माडाच्या बागा आणि घरं. उरलं दक्षिणेकडे, तिकडे त्याच प्रवाळखडकावर कल्पिट्टी नावाचं निर्मनुष्य छोटं बेट आहे आणि योजनांमध्ये त्याचंच नाव येत असतं. म्हणजे भराव असो की खांब, ते सगळं जिवंत प्रवाळावर येणार.

आता प्रवाळ गेलं तर काय बिघडलं, मासे दुसरीकडे जातील, असं काहींना वाटतं. पण ही बेटं खडकाची नाहीतच, ती प्रवाळाच्याच चुऱ्याची, वाळूची आहेत, समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर. बाहेरची प्रवाळाची भिंत लाट अडवते आणि तीच वाळूही पुरवते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं, बरंच मेलं. बंगारामच्याच गटातलं परळी-१ हे छोटं निर्मनुष्य बेट झिजत झिजत पूर्ण नाहीसं झाल्याची नोंद अभ्यासकांनी २०१७ मध्ये केली. जे बेट उभंच प्रवाळाच्या जिवावर आहे तिथे विमान मोठं करण्यासाठी प्रवाळावर बांधकाम करायचं हे मला पटत नाही आणि ते मी स्पष्टच सांगतो.

दुसरं म्हणजे पाणी. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, विहिरीत येतं ते तेच, जास्त उपसलं की खारं होतं. २०११ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला, वरचं कोमट पाणी आणि खोल समुद्रातलं थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालणारा, क्षमता रोज एक लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण २०११ च्या जनगणनेत अगत्तीची लोकसंख्या साडेसात हजार होती, भागाकार करा, माणशी तेरा-चौदा लिटर येतात. आणि हॉटेलातला एक पाहुणा शॉवरखाली उभा राहिला की तेवढं एका अंघोळीतच जातं. आता दीडशे-दोनशे सीटांची जेट रोज उतरवायची म्हटली तर ते पाणी कुठून आणायचं?

रोजगाराचा मुद्दा मात्र तुमचा रास्त आहे आणि तो मी उडवून लावत नाही. बेटावरच्या लोकांनाही विमान हवंय, पण त्यांना ते कशासाठी हवंय ते बघा. कोचीत ऑपरेशनची तारीख आहे, मुलाचं कॉलेज सुरू होतंय, बहिणीचं बाळंतपण आहे. डिसेंबरात आपण सगळे सुट्टीला तिकडे निघतो तेव्हा मोजक्या सीटांसाठी त्यांची आणि आपली ओढाताण होते, गणपतीत चाकरमान्यांना कोकण रेल्वेचं रिझर्वेशन मिळत नाही तशी गत त्यांची दर सुट्टीत होते. त्यावर माझ्या मते उत्तर आहे ते फेऱ्या वाढवण्याचं, आताच्याच पट्टीवर याच आकाराची विमानं जास्त वेळा, सकाळच्या थंड हवेत, म्हणजे वजनही थोडं जास्त नेता येईल, आणि काही सीट रहिवाशांसाठी आधीच बाजूला. होमस्टेवाल्याला एका दमात आलेले दोनशे लोक नको असतात, वर्षातले आठ महिने नियमित येणारे चार-पाच जण हवे असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

प्रश्न: खिडकी कुठली घ्यावी? (डोंबिवली)

उत्तर: लगून बेटाच्या पश्चिमेला आहे आणि पट्टी ईशान्य-नैर्ऋत्य अशी तिरपी. विमान ईशान्येकडून उतरलं तर लगून उजवीकडे दिसतो, नैर्ऋत्येकडून उतरलं तर डावीकडे, आणि ते ठरतं त्या दिवशीच्या वाऱ्यावर, त्यामुळे आधी छातीठोक सांगता येत नाही. एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात म्हणून खालचं दृश्य अडत नाही, फक्त इंजिनाच्या शेजारची रांग टाळा, मागची बरी. आणि चाकं टेकेपर्यंत खाली पाणीच पाणी दिसतं, तेव्हा घाबरू नका, मुलांनाही आधी सांगून ठेवा.

प्रश्न: मागच्या वेळी मुलाने किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे आणि एक मोठा शंख वेचला होता, मेलेलाच होता, तरी विमानतळावर तपासणीत काढून घेतला. तो खूप रडला. यंदा परत जातोय, काही परवानगी काढता येते का? (सोलापूर)

उत्तर: परवानगी मिळणार नाही, आणि काढून घेतलं ते बरोबरच होतं. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच यादीत, आणि जिवंत की मेलेला असा फरक कायदा करत नाही. काही शंख-शिंपले आणि समुद्रकाकडी नावाचा प्राणीही संरक्षित आहेत. गुन्हा गंभीर धरला जातो, नुसतं काढून घेऊन सोडलं म्हणजे समोरचा माणूस समजूतदार होता असं समजा. शंख रिकामा दिसला तरी त्यात बऱ्याचदा साधू खेकडा राहायला आलेला असतो, आणि प्रवाळाचा तो तुकडा झिजून त्याची किनाऱ्याची वाळू होणार असते, हे मुलाला सांगून बघा, मुलांना हे कळतं. ओहोटीच्या वेळी स्थानिक माणसाला बरोबर घेऊन लगूनच्या उथळ पाण्यात त्याला फिरवा, प्रवाळावर पाय न देता, आणि वहीत काढू द्या काय काय दिसलं ते. घरी आणायचंच असेल तर खोबऱ्याची बर्फी आणि माशाचं लोणचं मिळतं, लोणचं नीट सीलबंद करून चेक-इन बॅगेत टाका. आणि येताना तुमच्या वेफर्सची पाकिटं, संपलेल्या बॅटऱ्या, शॅम्पूच्या बाटल्या परत घेऊन या, बेटावर कचरा टाकायला जागा नाही.